गोळी सुरू करताना ती थांबवायची कशी, हेही सांगा

नैराश्यावरची गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे माझं एक मागणं आहे. चिठ्ठीवर ‘रात्री जेवणानंतर एक’ असं लिहिता त्याच्याच खाली, ही गोळी साधारण कधीपर्यंत घ्यायची आणि थांबवायची वेळ आली की कशी उतरवायची, तेही लिहा. रक्तदाबाची गोळी सुरू झाली तर पेशंट निदान विचारतो तरी, ‘डॉक्टर, ही आता कायमची का?’ मनाच्या गोळीबद्दल तो गप्प राहतो. तो आधीच खचलेला असतो, बरोबर आलेल्या माणसाला कामावर जायची घाई असते, बाहेरचा बाक भरलेला असतो. म्हणून ही जबाबदारी लिहून देणाऱ्याची आहे.

मी लालबागची. निवृत्त होईपर्यंत गिरगावातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवलं. माझे पती अचानक गेले तेव्हा मुलगी नववीत होती. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे आपापल्या घरी गेले, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी मी कोसळले. पहाटे तीनला डोळे उघडायचे ते उघडेच. घास गिळवत नसे. फळ्यावर समीकरण सोडवता सोडवता पुढची पायरी सुचायची नाही आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघत बसायचा. जगण्यात काही उरलं नाही, असं वाटण्यापर्यंत मजल गेली होती. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी सुरू केली. पुढे दादरच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी तीच चालू ठेवली. दोनेक महिन्यांत मी परत खडू हातात घेतला. मुलीची दहावी पार पडली, बारावी पार पडली. त्या गोळीचे माझ्यावर उपकार आहेत. पुढे जे लिहिते आहे त्याचा अर्थ ‘ही औषधं वाईट’ असा कुणी काढू नये, म्हणून हे आधी सांगते.

मग वर्षं गेली. दहाएक वर्षं. सुरुवातीला महिन्याने, मग तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी मी दाखवायला जात असे. ‘झोप लागते? जेवण जातं?’ एवढे दोन प्रश्न. कागदावर ‘सीएसटी’ लिहिलं जायचं, म्हणजे तेच औषध पुढे चालू. नाक्यावरचा केमिस्ट मला ओळखायला लागला होता, मी दिसले की पट्टी काढून ठेवायचा. सुरुवात झाली तेव्हाचा आजार केव्हाच ओसरला होता. तरी गोळी का चालू आहे, हे ना डॉक्टरांनी मला सांगितलं, ना कुणी त्यांना विचारलं.

निवृत्तीनंतर मी विचारलं, आता थांबवू या का? डॉक्टर लगेच हो म्हणाले. दोन आठवडे अर्धी, पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड अर्धी, मग बंद. मी अगदी तसंच केलं. शेवटची अर्धी गोळी घेतल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला रस्ता ओलांडताना बस येते का पाहायला डोळे उजवीकडे वळवले आणि डोक्याच्या आत विजेचा झटका बसला. क्षणभराचा, पण त्याला आवाजही होता. डोळे डावीकडे वळवले, परत तेच. मग हे रोजचं झालं. जमीन हलल्याचा भास व्हायचा, बस वळण घेताना पोटात ढवळायचं, रात्री इतकी स्पष्ट स्वप्नं पडायची की सकाळी कोणती गोष्ट खरी घडली ते तपासावं लागे. अंगात ज्वर नसताना अंग मोडून यायचं. राग अनावर होई. आणि रडू यायचं. बातम्या बघताना, भाजी निवडताना, शेजारच्या पोराने पाढे म्हटले तरी.

घरात सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला. नणंद म्हणाली, ‘वहिनी, परत सुरू झालं तुमचं. आधी गोळी चालू करा बघू.’ डॉक्टरही तेच म्हणाले: आजार उलटला आहे, आता गोळी कायम घ्यावी लागेल. मला ते पटत नव्हतं, पण नेमकं का पटत नव्हतं ते मांडता येत नव्हतं. ते मांडून दिलं महापालिकेच्या एका रुग्णालयातल्या ओपीडीत बसलेल्या एका तरुण निवासी डॉक्टरने. त्याच्यासमोर केसपेपरांचा गठ्ठा होता. तरी त्याने माझं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: ‘बाई, तुमचे मिस्टर गेले तेव्हा, पहिल्या आजारात, हे डोक्यातले झटके आले होते का?’

नव्हते आले. एकदाही नाही.

सगळा फरक इथे आहे, आणि तो ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. मूळ नैराश्य परत येतं ते साधारणपणे काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, हळूहळू. औषध सुटल्याचा त्रास काही दिवसांत सुरू होतो. त्यात झटके, तोल जाणं, मळमळ अशा त्या माणसाला पूर्वी कधीही न झालेल्या गोष्टी असतात. औषध परत दिलं तर तो बहुधा थोड्याच दिवसांत ओसरतो, उलट नैराश्यावर याच गोळीचा गुण यायला आठवडे लागतात. अर्थात दोन्हींत झोप जाते, रडू येतं, जीव घाबरा होतो, त्यामुळे गल्लत होते. म्हणूनच कधी सुरू झालं, पूर्वी असं झालं होतं का, हे दोन प्रश्न विचारायलाच हवेत. ते न विचारता ‘आजार उलटला’ असं लिहिलं की त्या माणसाच्या कपाळी आयुष्यभराचा आजार लिहिला जातो.

या बाबतीत परदेशातही बराच काळ डोळेझाक झाली. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी ‘नाइस’ ही संस्था 2004 पासून सांगत होती की हा त्रास सहसा सौम्य असतो आणि आठवडाभरात आपोआप जातो. लोक सांगत होते की आमचा महिनोन्‌महिने जात नाही. मे 2019 मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने आपली भूमिका बदलली, काहींना हा त्रास तीव्र आणि दीर्घकाळ होतो हे मान्य केलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘नाइस’नेही आपला मजकूर सुधारला. ‘आठवडाभर’ हे सांगणं पंधरा वर्षं चाललं होतं.

किती जणांना हा त्रास होतो, यावर अजून वाद आहे. 2024 साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त जर्मन संशोधकांनी 79 अभ्यासांचा एकत्र आढावा मांडला. गोळी थांबवणाऱ्यांपैकी सुमारे 31 टक्के लोकांना काही ना काही लक्षणं जाणवली. पण खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी थांबवणाऱ्यांपैकीही 17 टक्के लोकांनी तसंच सांगितलं. म्हणजे निव्वळ औषधामुळे त्रास होणारे सहा-सातांत एक, आणि तीव्र त्रास साधारण पस्तिसांत एकाला. हे आकडे धीर देणारे आहेत, ते मी लपवणार नाही. फक्त, अशा अभ्यासांतल्या पुष्कळ लोकांनी औषध काही आठवडे किंवा महिनेच घेतलेलं असतं. दहा वर्षं घेतलेल्या माणसाचं काय होतं, हे त्यातून नीट कळत नाही. आणि पस्तिसांत एक हा आकडाही लहान नाही. माझ्या वर्गात साठ मुलं असायची.

आता गणिताकडे येते, कारण या विषयात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते गणिताने. 2019 साली मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या दोघांनी ‘लॅन्सेट सायकियाट्री’त एक लेख लिहिला. मेंदूच्या स्कॅनवरून कळतं की गोळीच्या किती मात्रेला सेरोटोनिन परत शोषून घेणाऱ्या किती जागा अडवल्या जातात. सिटालोप्राम या औषधाचे आकडे घ्या (एस्सिटालोप्राम त्याचाच गुणकारी भाग आहे). 20 मिलिग्रॅमला सुमारे 80 टक्के जागा अडतात. 9 मिलिग्रॅमला 70 टक्के. साडेतीनच्या आसपास 50 टक्के. आणि एक मिलिग्रॅमहूनही कमी, सुमारे 0.8 ला, अजून 20 टक्के! आलेख सरळ रेषेचा नाही. सुरुवातीला एकदम चढतो आणि मग सपाट होतो. उतरताना त्याचा अर्थ असा: गोळी निम्मी केली तर मेंदूला जेमतेम दहा टक्क्यांचा फरक पडतो. उरलेली निम्मी बंद केली की सत्तर टक्के एकदम जातात. चाळीचा असा जिना मनात आणा, ज्याच्या वरच्या पायऱ्या वीतभर उंच आणि शेवटची पायरी पुरुषभर. वरून आरामात उतरत आलेला माणूस तिथे पडतो, आणि आपण म्हणतो याचे पायच कमजोर.

दिवसाआड गोळी घेण्याचा सल्ला तर साध्या हिशेबातही बसत नाही. एस्सिटालोप्राम शरीरात साधारण तीस तासांत निम्मं होतं. अठ्ठेचाळीस तासांच्या अंतराने घेतलं तर पुढच्या गोळीपर्यंत रक्तातली मात्रा तिसऱ्या हिश्श्यापर्यंत खाली येते, मग परत वर, मग परत खाली. ज्या मेंदूला हळूहळू सवय सोडायची आहे त्याला आपण एक दिवसाआड हेलकावे देतो. दहावीच्या मुलालाही हे गणित सुटेल. आणि माझ्या गोळीत एकच औषध नव्हतं. क्लोनाझेपाम हे वेगळ्या जातीचं औषध, त्याचीही शरीराला सवय लागते, ते एकाएकी बंद केलं तर काहींना फिटही येऊ शकते. एकत्र गोळी अर्धी करताना मी दोन्ही एकदम अर्धी करत होते. मला झालेल्या त्रासातला कोणता भाग कशाचा, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. आपल्याकडे ही जोडगोळी सर्रास लिहून दिली जाते. झोप लवकर लागते, पेशंटला बरं वाटतं, एकाच पट्टीत काम होतं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे मी समजू शकते. वर्षानुवर्षं मात्र नाही.

त्या तरुण डॉक्टरने दोन्ही औषधं आधी वेगळी केली, मला परत स्थिर केलं, आणि मग वर्षाहून अधिक काळ घेऊन एकेक उतरवलं. बाजारात एस्सिटालोप्रामची माझ्या हाती येणारी सर्वांत लहान गोळी 5 मिलिग्रॅमची. तिच्या खाली जायचं कसं? गोळी कापायचं छोटं यंत्र आणलं, चार तुकडे केले. पुढे रुग्णालयाच्या फार्मसिस्टने पाण्यात विरघळवून सुई नसलेल्या सिरिंजने मोजून घ्यायला शिकवलं. हे घरी आपल्या मनाने कुणी करू नये. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कापल्या किंवा चुरल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं. माझ्या हाताला वर्षानुवर्षं कंपास-पट्टीची सवय, मला ते जमलं. जिची नजर अधू आहे, हात थरथरतो, घरात स्वयंपाकघराचा ओटा सोडून टेबल नाही, तिने काय करायचं? नेदरलँड्समध्ये यासाठी खास पट्ट्या मिळतात, रोजची मात्रा किंचित कमी होत जाणाऱ्या पुड्या क्रमाने लावलेल्या. जो देश निम्म्या जगाला औषधं पुरवतो म्हणून आपण अभिमानाने सांगतो, तिथे एक मिलिग्रॅमची गोळी काढणं अवघड नाही. ती कुणी मागितली नाही, एवढंच.

न मागण्याचं एक कारण मला आमच्या शेजारच्या परळच्या इतिहासात सापडतं. 1949 साली डॉ. रुस्तम जाल वकील यांनी केईएम रुग्णालयातल्या रुग्णांवर सर्पगंधेच्या मुळीचा प्रयोग करून उच्च रक्तदाबावर तिचा गुण येतो हे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं. साऱ्या जगाचं लक्ष त्या मुळीकडे गेलं, 1957 साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्या मुळीतलं रिसर्पीन जगभर वापरलं जाऊ लागलं तेव्हा डॉक्टरांना दिसलं की ते घेणारी काही माणसं उदास होतात. रिसर्पीन मेंदूतले सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचे साठे रिकामे करतं, हेही कळलं. या दोन गोष्टी जोडून एक तर्क उभा राहिला: ही द्रव्यं कमी झाली की नैराश्य येतं. पुढच्या पिढीतली औषधं बरीचशी या तर्काच्या वाटेने आली, आणि दवाखान्यात तोच तर्क पेशंटला सोपा करून सांगितला जाऊ लागला, ‘तुमच्या मेंदूत रसायन कमी आहे, गोळी ते भरून काढते.’ मलाही हेच सांगितलं गेलं होतं. आज संशोधक मानतात की गोष्ट इतकी सरळ नाही. 2022 साली लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी घेतलेल्या आढाव्यात नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता असं म्हणायला सुसंगत पुरावा मिळाला नाही. त्यांच्या आढाव्यावर टीकाही झाली, आणि गोळी गुणकारी आहे की नाही हा प्रश्न त्यापासून वेगळाच आहे.

पण त्या सोप्या वाक्याचा परिणाम बघा. गोळी कमतरता भरून काढत असेल, तर ती थांबवल्यावर होणारा प्रत्येक त्रास म्हणजे कमतरता परत आली, असाच अर्थ निघतो. खरं तर शरीर कुठल्याही औषधाशी जुळवून घेतं. वर्षानुवर्षं जुळवून घेतलेला मेंदू औषध काढल्यावर काही काळ त्याच जुळवणीत राहतो, आणि परत पूर्ववत व्हायला त्याला वेळ लागतो. पहिलं वाक्य ऐकलेली बाई स्वतःला कायमची रोगी समजते. हे दुसरं तिला कुणी समजावलं तर ती धीराने वाट बघू शकते.

यावर डॉक्टरांचा एक आक्षेप असतो आणि तो मला खोटा वाटत नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की मानसिक आजार असलेल्यांपैकी, आजारानुसार, 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. अशा देशात गोळी सुटण्याच्या त्रासाची चर्चा केली तर लोक गोळी सुरूच करणार नाहीत, असं ते म्हणतात. ही भीती मी समजते. पण लपवल्याने ती कमी होत नाही. आमच्या गल्लीतच दोन जणांनी मला सांगितलं की भावाने, जावेने गोळी आपल्या मनाने बंद केली, चार दिवसांत हाल झाले आणि तेव्हापासून ‘ही औषधं व्यसन लावतात’ असं ते साऱ्या नातेवाइकांना सांगत फिरतात. आधी दोन वाक्यं सांगितली असती तर ती माणसं आज उपचारांच्या बाजूने बोलली असती.

थांबवण्याचा धोकाही खरा आहे. ब्रिटनमधला ‘अँटलर’ नावाचा प्रयोग 2021 साली प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ गोळी घेणारे, आता बरं वाटतं म्हणणारे 478 लोक त्यात होते. वर्षभरात गोळी चालू ठेवलेल्यांपैकी 39 टक्क्यांचं नैराश्य परतलं, थांबवलेल्यांपैकी 56 टक्क्यांचं. ज्यांना नैराश्य वारंवार येऊन गेलंय, ज्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केलाय, त्यांच्यासाठी गोळी चालू ठेवणं हाच शहाणपणा असू शकतो. तो निर्णय पेशंट आणि डॉक्टरने मिळून घ्यावा. मी मागते आहे ती फक्त माहिती, आणि थांबवायचं ठरलं तर नीट सोबत.

आपल्याकडे दोन बाजूंनी रेटा असतो. एकीकडे ‘कायम घ्या’, दुसरीकडे ‘कशाला घेतेस, सोडून टाक, प्राणायाम कर’. मी गोळी सोडली हे कळल्यावर मजल्यावरच्या बायकांनी माझं असं कौतुक केलं की मला भीती वाटली. त्यांतली एक स्वतः गोळी घेते, तिने दुसऱ्या दिवशी मला विचारलं, ‘मावशी, मीपण टाकू का फेकून?’ तिला मी हात धरून बसवलं आणि सांगितलं की माझी गोष्ट माझी, तू आधी डॉक्टरांशी बोल. गोळी घेणं हा कमीपणा नाही आणि सोडणं हा पराक्रम नाही. घरच्यांनी हे लक्षात ठेवलं तरी पेशंटचं निम्मं ओझं हलकं होतं.

पूर्ण बंद करून मला आता वर्षाहून अधिक काळ झाला. झटके थांबले. झोप अजून कच्ची आहे. सगळ्यांत जास्त मागे राहिला तो आवाजाचा त्रास. लालबागमध्ये राहून आवाज सोसवत नाही म्हणणं म्हणजे काय, ते इथलाच माणूस जाणेल. मार्च ते मे मसाल्याचा हंगाम. मिरचीचा खकाणा मला लहानपणापासून सवयीचा, पण आता मसाला कुटणाऱ्या डंकाचा ठोका छातीत बसतो. गणपतीत तर घराच्या दोन्ही बाजूंनी मिरवणुका. ढोल-ताशा मला प्रिय, माझ्या वडिलांची गिरणी आणि आमच्या गल्लीचा गणपती यांतच मी वाढले. गेल्या वर्षी आगमनाच्या दिवशी मी कानांत बोळे घालून मोरीत बसून होते. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळली जावी असं मला पूर्वी नागरिक म्हणून वाटायचं, आता शरीर म्हणून वाटतं. मंडळाच्या कार्यकर्त्यांना मी जाऊन सांगितलं. मुलं चांगली आहेत, आमच्या दारासमोर स्पीकरची भिंत थांबवत नाहीत. मी त्यांना आजाराचं नाव सांगितलं. ते सांगता आलं, याचं मला समाधान आहे.

ज्यांना असा मागे रेंगाळलेला त्रास आहे त्यांना, मला उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगते. हा त्रास येतो-जातो. आठवडाभर बरं वाटतं आणि मग परत दोन दिवस वाईट. तो वाईट दिवस म्हणजे आजार परतला असं लगेच मानू नका. एका वहीत रोज एक ओळ लिहा: झोप, चक्कर, मन. दोन-तीन महिन्यांची पानं उलटल्यावर उतार दिसतो, रोजच्या रोज दिसत नाही. डॉक्टरला दाखवायलाही ती वही उपयोगी पडते. उठायची वेळ ठरलेली ठेवा, झोपेची आपोआप ठरत जाते. मी पहाटे बसने दादरला जाऊन शिवाजी पार्कला चालते. 2010 साली उच्च न्यायालयाने तो भाग शांतता क्षेत्र ठरवला, त्या वेळी मी वर्तमानपत्रात वाचून पान उलटलं होतं, आता त्या निर्णयाचे आभार मानते. वर्षानुवर्षांनी रडू येऊ लागलं, त्याची मला आधी लाज वाटे. गोळी चालू असताना माझी आई गेली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. ते आत्ता येतं. येऊ देते. घरातल्या एका माणसाला सगळं माहीत असू द्या, आणि जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणी उच्चारत नाही. एस्सिटालोप्रामच्या गटातल्या औषधांमुळे लैंगिक इच्छा आणि संवेदना कमी होऊ शकतात, आणि काहींमध्ये ते गोळी थांबवल्यावरही राहतं. 2019 साली युरोपीय औषध यंत्रणेने ही सूचना औषधाच्या माहितीपत्रकात घालायला सांगितली. तिशीतल्या जोडप्यांना हे आधी कळायला नको का? संकोचामुळे पेशंट विचारणार नाही, तेव्हा डॉक्टरांनीच बोललं पाहिजे.

कायदा पेशंटच्या बाजूने आहे. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 22 प्रमाणे आजाराचं स्वरूप, उपचारांची योजना आणि त्यांचे माहीत असलेले दुष्परिणाम समजून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि तेही त्याला समजेल अशा भाषेत. थांबवताना होणारा त्रास हा माहीत असलेलाच दुष्परिणाम आहे. तो मराठीत सांगणं, चिठ्ठीवर लिहून देणं, ही मेहेरबानी नाही.

महापालिकेकडे माझी मागणी याहून नेमकी आहे. केईएम, नायर, सायन या रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांत रोज केवढी गर्दी असते ते मी बाकावर बसून पाहिलंय. तिथल्या निवासी डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आठवड्यातली एक दुपार फक्त गोळी उतरवणाऱ्यांसाठी ठेवता येईल. केसपेपरवर ‘सीएसटी’च्या शेजारी औषध सुरू झाल्याची तारीख आणि पुढच्या फेरविचाराची तारीख, असे दोन रकाने छापता येतील. सहा महिन्यांहून जास्त काळ एकत्र गोळी चालू असेल तर ती का, याचं कारण लिहायला लावता येईल. कमी ताकदीच्या गोळ्या किंवा द्रवरूप औषध खरेदीच्या यादीत घालता येईल, महापालिकेइतकं मोठं गिऱ्हाईक मागतं म्हटल्यावर कंपन्या ते बनवतील. महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’तल्या डॉक्टरांना ‘कधी सुरू झालं, पूर्वी असं झालं होतं का’ हे दोन प्रश्न शिकवायला एक सकाळ पुरेल. आणि ऑक्टोबर 2022 पासून चालू असलेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर कुणी ‘गोळी बंद केल्यापासून डोक्यात झटके येतात’ असं सांगितलं, तर पलीकडच्या समुपदेशकाने पहिल्यांदा विचारावं: कोणती गोळी, किती वर्षं घेतली, आणि किती दिवसांत बंद केली?